साइट २४० : कुणीच न बोलणाऱ्या कंट्रोल चॅनलचं काय करायचं?

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेला एक मुलगा सध्या अमेरिकेत एम.एस. करतोय. तिथल्या चार-पाच हौशी मंडळींबरोबर तो डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप घेऊन रेडिओ ऐकतो. पोलीस, अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स यांच्यासाठी त्या राज्यात एकच रेडिओ जाळं आहे. त्या जाळ्यात यांना तीन महिन्यांपूर्वी एक अनोळखी साइट, म्हणजे प्रक्षेपण करणारं ठाणं, सापडली. जाळ्याची ओळख तीच, पण साइटचा क्रमांक २४०. बाकी सगळ्या साइटी शंभराच्या आतल्या. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिवसभर कंट्रोल चॅनल चालू असतो, पण कुणी बोलतच नाही. शनिवार-रविवार साइट गायब. एकदा संध्याकाळी मिनिटभर शिट्टीसारखा एकसुरी आवाज आला, तेवढाच. एका औद्योगिक वसाहतीजवळ सिग्नल जोरदार, तीन-चार किलोमीटरवर संपतो. गटातला एक म्हणतो हे पोलिसांचं छुपं टेहळणी केंद्र, दुसरा म्हणतो केंद्र सरकारची गुप्त यंत्रणा. तिसऱ्यानं जुना पोलिसी सेट विकत घेतलाय आणि तो त्या साइटवर नोंदवून ‘आत काय आहे ते बघू’ म्हणतोय. मुलानं मला विचारलं आहे : काका, हे काय असेल, आणि खात्री कशी करायची?

उत्तर इथे सगळ्यांसमोर देतो, कारण असले प्रश्न मला अधूनमधून येतात. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, बाहेर पडल्यापासून चौतीस वर्षं मी वायरलेसचंच काम केलं. आधी इथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यांत, मग परदेशात अशाच सुरक्षा जाळ्यांच्या उभारणीवर. अशा डझनभर चाचणी साइटी मी स्वतः चालू केल्या आहेत आणि एकीनं मला झोपू दिलं नव्हतं. तिची गोष्ट पुढे येईलच.

तर बाळा, माझा कौल आधी सांगतो. तुमची २४० ही बहुधा रेडिओ उभारणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या मंडळींची चाचणी साइट आहे. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. कंट्रोल चॅनल स्वतःविषयी इतकं काही सांगत असतो की तुमच्या गटातल्या तिघांनी बांधलेल्या तर्कांची गरजच पडू नये.

कंट्रोल चॅनल म्हणजे पंगतीतला यजमान. कुणाला कुठल्या पाटावर बसवायचं हे तो ठरवतो, आणि कुणी आलं नसलं तरी दारात उभा राहून ‘हे अमक्याचं घर, या या’ म्हणत राहतो. तुमचं जाळं पी-२५ (प्रोजेक्ट २५) या, सुरक्षा दलांसाठीच्या डिजिटल रेडिओ पद्धतीचं आहे. या मानकाचं काम अमेरिकेत १९८९ मध्ये सुरू झालं. त्यातला कंट्रोल चॅनल सेकंदाला ९६०० बिट या वेगानं अखंड बोलतो. मी कुठल्या जाळ्याचा, कुठल्या विभागाचा, माझा साइट क्रमांक काय, माझी वारंवारिता कोणती, माझे शेजारी कोण, हे सगळं तो पुन्हा पुन्हा सांगतो. यातलं काहीही सांकेतिक नसतं, कारण नव्यानं चालू झालेल्या सेटला हे वाचूनच घर शोधायचं असतं. म्हणजे माणसं गप्प असली तरी साइट गप्प नाही, आणि तुम्ही तीन महिने फक्त माणसांच्या आवाजाची वाट बघत बसलात.

सगळ्यात आधी सिग्नल खरा आहे का ते बघ. स्वस्त डोंगलची पुढची बाजू नाजूक असते. जवळच्या टॉवरचा जोर तिला सोसत नाही आणि एकाच सिग्नलची सावली पट्ट्यात दुसरीकडे उमटते. तपासायला सोपं आहे. प्रत्येक पी-२५ साइट आपला वारंवारितांचा तक्ता प्रसारित करते. ८०० च्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी पाया ८५१.००६२५ मेगाहर्ट्झ आणि एक पायरी ६.२५ किलोहर्ट्झ असते. साइटनं स्वतःचा चॅनल ३०१ सांगितला, तर ३०१ पायऱ्या वर चढायच्या : ८५२.८८७५. तू नेमका तिथेच ऐकत असशील तर ठीक. भलतीकडेच ऐकत असशील, तर तो आरशातला चेहरा आहे. डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कमी करून पाहा. सावली खऱ्या सिग्नलपेक्षा लवकर विरते. तुमच्या बाबतीत सिग्नल वसाहतीजवळ वाढतो, म्हणजे तो खरा असावा, पण हिशेब एकदा कागदावर मांडाच. दोन वर्षं एका ‘गुप्त साइट’चा पाठलाग करणारे आणि शेवटी ती स्वतःच्याच डोंगलमध्ये सापडलेले लोक मला माहीत आहेत.

आता ओळख. तू लिहिलंस की जाळ्याचा क्रमांक जुळतो म्हणजे साइट राज्याचीच. जरा थांब. पी-२५ मध्ये ओळखीचे दोन मोठे भाग आहेत. एक वीस बिटांचा, डब्ल्यूएसीएन नावाचा, आणि दुसरा बारा बिटांचा सिस्टिम आयडी. अमेरिकेतल्या कितीतरी स्वतंत्र यंत्रणांचा पहिला भाग एकच आहे, बीईई००, कारण त्या एकाच उत्पादकाच्या आहेत. नुसता तो जुळला तर काहीच सिद्ध होत नाही. सिस्टिम आयडीही जुळत असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्या नोंदीत दोन्ही जुळताहेत, म्हणून मी हे उत्तर इतकं सविस्तर लिहितोय. त्याचं कारण पुढे कळेल.

साइट क्रमांकाला आठ बिट असतात, म्हणजे सगळा खेळ २५५ च्या आतला. खऱ्या साइटी एकापासून चढत जातात, आणि तात्पुरतं काही लावायचं असलं की आम्ही मंडळी शेवटाकडून क्रमांक उचलतो, म्हणजे उद्याच्या टॉवरशी टक्कर होत नाही. २४० मला म्हणूनच परका वाटला नाही. तुझ्या नोंदीत आणखी एक आकडा आहे, ज्याकडे तुमच्यापैकी कुणी पाहिलेलंच दिसत नाही. एनएसी, म्हणजे चॅनलचा बारा बिटांचा पत्ता, तुम्ही २९३ लिहिलाय. हा पी-२५ चा मूळ ठरलेला आकडा आहे. कुणी बदलला नाही तर तोच राहतो. तुमच्याच यादीत राज्याच्या बाकी साइटींचे एनएसी वेगवेगळे आणि नीट आखून दिलेले दिसतात. छुपं केंद्र उभारणारा माणूस खोक्यावरचं लेबल तसंच ठेवून बसत नाही. टेबलावर काम करणारा ठेवतो, कारण त्याला तेवढ्यानं काही अडत नाही.

शेजाऱ्यांची यादी तर त्याहून बोलकी. तुझ्या म्हणण्याप्रमाणे २४० तीन शेजारी सांगते, आणि ते तिन्ही तिथून दोन-अडीचशे किलोमीटरवर आहेत. उलट, आसपासची एकही खरी साइट २४० ला शेजारी म्हणत नाही. शेजाऱ्यांची यादी कशासाठी असते? गाडी चालता चालता सेटनं पुढचा टॉवर कुठे शोधायचा हे त्याला कळावं म्हणून. अडीचशे किलोमीटरवरचा टॉवर तिथे कुणाच्या कामाचा? म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी साइटची तयार फाइल इथे तशीच्या तशी उतरवली आहे. आम्ही हे नेहमी करायचो. नवीन साइट पाठवण्याआधी तिची सगळी मांडणी गोदामात चढवायची, तिथेच चालवून पाहायची, आणि मग ट्रकवर घालायची. माझा अंदाज असा की त्या तीन शेजाऱ्यांच्या मधोमध, दूर तिकडे, एखादी जुनी साइट बदलली जाणार आहे किंवा नवी येणार आहे. नकाशावर ते तीन बिंदू जोडून पाहा. तुमच्या २४० चं खरं घर त्या त्रिकोणात कुठेतरी असेल.

याच संदेशांत एक छोटा बिट असतो, त्याकडे लक्ष ठेव. साइट सगळं जाळं चालवणाऱ्या मूळ केंद्राशी जोडलेली आहे की एकटी पडलेली आहे, हे तो सांगतो. जोडणी तुटलेली साइट फक्त आपल्या छत्राखालच्या सेटांना एकमेकांशी बोलू देते. सेटला हे वाचता येतं आणि शक्य असेल तर तो अशी साइट सोडून जोडलेली साइट शोधतो. सॉफ्टवेअरमध्ये तो बिट साइटच्या स्थितीच्या ओळीत दिसतो. दिसला नाही तर कच्चे संदेश साठवून ठेव आणि मला पाठव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुमच्या गटानं सगळ्यात कमी केलेलं काम : घड्याळ. तुम्ही अँटेना घेऊन गाडीतून तीन शनिवार फिरलात, तेही साइट बंद असताना! त्यापेक्षा घरी एक डोंगल महिनाभर त्या वारंवारितेवर ठेवून दिला असता, तर अर्धं उत्तर आपोआप चालत आलं असतं. कंट्रोल चॅनल केव्हा चालू झाला, केव्हा बंद झाला, मधे किती वेळा अडखळला, हे सेकंदासह लिहायचं आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवायची. स्थानिक घड्याळ वापरू नकोस, का ते सांगतो.

रोज सकाळी आठच्या आसपास, कधी दहा मिनिटं आधी, कधी वीस मिनिटं उशिरा चालू होणारी साइट म्हणजे कुणीतरी येऊन बटण दाबतंय. रोज त्याच सेकंदाला चालू होणारी साइट यंत्रावर लावलेली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जातं. सोमवारी २४० यूटीसीनुसार एक तास उशिरा उठली, तर तिच्यामागे बहुधा नोकरीवर येणारा माणूस आहे. तशीच जुन्या वेळेला उठली, तर तिच्यामागे टायमर आहे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी ती चालू असेल का? शुक्रवारी? सरकारी सुट्टीला बंद आणि शनिवारीही बंद असणारं टेहळणी केंद्र मी तरी कुठे पाहिलं नाही. पाळत ठेवणाऱ्यांना रविवार नसतो.

मधल्या अडखळण्यांचीही नोंद कर. डोंगरावरचा खरा टॉवर एकदा चालू झाला की महिनोन् महिने श्वास घेत नाही. टेबलावरची साइट मात्र दिवसातून पाच-सहा वेळा मरते आणि पुन्हा उठते, कारण कुणीतरी मांडणी बदलून नवी फाइल चढवत असतं. प्रत्येक वेळी उठल्यावर तिनं आपल्याविषयी सांगितलेल्या गोष्टी आधीच्या गोष्टींशी ताडून पाहा. मंगळवारी दुपारी एक शेजारी वाढला, बुधवारी एनएसी २९३ वरून बदलला, गुरुवारी साइट क्रमांकच २४० चा ३७ झाला, असं दिसलं तर समजायचं की सामान बांधायला घेतलं आहे. असा एक आठवडा नीट टिपलात, तर कुठल्याही छायाचित्रापेक्षा तो मोलाचा ठरेल. उलट ती एके दिवशी चालू झाली आणि रात्रंदिवस, शनिवार-रविवार न थांबता चालत राहिली, तर ती अखंड चालवून पाहण्याची चाचणी. सामान ताब्यात घेण्याआधी ग्राहक ती मागतोच.

वारंवारिता किती स्थिर आहे हेही घरबसल्या मोजता येतं. खऱ्या साइटी उपग्रहाच्या वेळेला बांधलेल्या असतात, विशेषतः जिथे अनेक टॉवर एकाच वेळी तेच प्रसारण करतात तिथे. टेबलावरचं स्टेशन बऱ्याचदा स्वतःच्या स्फटिकावर चालतं, आणि थंड गोदामात सकाळी चालू केलं की पहिला काही वेळ किंचित सरकतं. तुझ्या डोंगलमध्ये स्वतःची चूक असतेच, पण ती सगळ्यांना सारखीच लागते. म्हणून ओळखीच्या तीन टॉवरांच्या तुलनेत २४० किती सरकते ते पाहा. ८०० मेगाहर्ट्झला दहा लाखात एक भागाची चूक म्हणजे ८०० हर्ट्झ. एवढं सहज दिसतं.

ती शिट्टी. तुझी ध्वनिफीत मी ऐकली आणि मोजलीही : १०११ हर्ट्झ. पी-२५ मध्ये चाचणीसाठी नेमून दिलेला हाच सूर आहे. रेडिओच्या कामात ज्याचे केस पांढरे झालेत त्याला तो झोपेतही ओळखू येईल. सेटचा किंवा बेस स्टेशनचा प्रक्षेपक तपासताना मापनयंत्रावर तो लावतात आणि बिटांमधल्या चुका मोजतात. खरं सांगू? ही एकच गोष्ट तू पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिली असतीस, तर माझं उत्तर निम्म्यात संपलं असतं.

पुढे कदाचित तुम्हाला गाड्यांतून ठरावीक वाक्यं बोलणारी माणसंही ऐकू येतील. नवी साइट तिच्या खऱ्या जागी उभी राहिली की सगळा परिसर चौकटींत वाटून प्रत्येक चौकटीत आवाज किती समजतो ते मोजतात. त्याची मोजपट्टी एक ते पाच अशी असते आणि सुरक्षा जाळ्यांना साधारण ३.४ लागतं, म्हणजे क्वचित एखादा शब्द पुन्हा विचारावा लागेल पण बोलणं कळेल. कुणीतरी दिवसभर एकच वाक्य म्हणतंय हे ऐकून तुमच्या गटातल्या पहिल्या मित्राला सांकेतिक भाषेचा संशय येईल. त्याला आधीच सांगून ठेव.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या संपर्क आयोगाचा परवान्यांचा साठा कुणालाही पाहता येतो. वारंवारिता आणि काउंटी (तिथला जिल्हा) टाकून शोध. पत्ता सापडला नाही म्हणून लगेच ‘बेकायदा’ म्हणू नका. मोठ्या जाळ्यांकडे तात्पुरत्या स्टेशनांचे परवाने असतात, त्यांत एका टॉवरऐवजी सगळं राज्यच कार्यक्षेत्र म्हणून लिहिलेलं असतं. प्रायोगिक परवान्यांचा साठा वेगळा आहे, आणि त्यांच्या संकेतात अंकानंतर एक्स हे अक्षर येतं. कधी कधी स्टेशन मोर्समध्ये आपला संकेत वाजवतं. तो मिळाला तर शोध दोन मिनिटांचा.

जागेविषयी मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण तिथे मला काळजीची गोष्ट दिसते. चाचणीच्या साइटला अँटेना लावायची नसते. प्रक्षेपकाचं तोंड डमी लोडला जोडायचं असतं, म्हणजे सगळी शक्ती उष्णतेत जाते. अशा जोडणीतून थोडी गळती होतेच, पण ती गोदामाच्या अंगणात, फार तर रस्त्यापलीकडे ऐकू येते. तुमचा सिग्नल तीन-चार किलोमीटर जातो. म्हणजे कुणीतरी छपरावर छोटी का होईना, अँटेना लावली आहे. आणि सिस्टिम आयडी खऱ्या जाळ्याचा आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

का, ते ऐक. परदेशात एका काउंटीच्या सहा साइटी आम्ही बदलत होतो. नवं सामान एका गोदामात मांडलं होतं आणि चाचणीसाठी एक छोटं मूळ केंद्रही तिथेच होतं. सेट दोनदा प्रोग्रॅम करायचा त्रास नको म्हणून त्या केंद्राला खऱ्या जाळ्याचीच ओळख दिली होती. खऱ्या सेटांची यादीही तशीच उतरवलेली. वारंवारिता जुन्याच. डमी लोड लावलेला होता म्हणून कुणाला काही वाटलं नाही. एका दुपारी आमच्यातल्या एकानं अंगणात हातातला सेट चालतो का ते पाहायला एका रिपीटरला (साइटवरच्या प्रक्षेपण-यंत्राला) चुंबकावर बसणारी लहान अँटेना लावली. संध्याकाळी सगळे घरी गेलो. अँटेना तशीच राहिली.

समोरच पेट्रोल पंप होता. रात्री तिथे एक ॲम्ब्युलन्स थांबली. तिच्या सेटला सगळ्यात जोरदार कंट्रोल चॅनल आमचा मिळाला. ओळख बरोबर, आणि आमची साइट सांगत होती की मी मूळ केंद्राशी जोडलेली आहे. ते खरंही होतं, फक्त ते केंद्र गोदामातलं होतं! सेट नोंदला गेला. चालकानं बटण दाबलं, बोलायला परवानगी देणारा तो छोटा सूरही वाजला, आणि तो बोलला. ऐकायला कुणीच नव्हतं. तीनदा बोलला. मग त्यानं मोबाइलवरून नियंत्रण कक्षाला गाठलं. गाडीत त्या वेळी रुग्ण नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी केंद्राची नोंद मी पाहिली. आमच्या यादीतल्या चाचणी-सेटांत नसलेला एक क्रमांक, आणि त्याच्यापुढे तीन वेळा, काही सेकंदांच्या अंतरानं, बोलण्याची विनंती. त्या तीन ओळी मला अजूनही जशाच्या तशा दिसतात. सेटनं ‘सिग्नल नाही’ म्हटलं असतं तर चालक दोन पावलं पुढे गेला असता. आमच्या साइटनं त्याला सगळं ठीक आहे असं सांगितलं. त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे चाचणीच्या यंत्रणेला वेगळा सिस्टिम आयडी दिल्याशिवाय वीज लावू दिली नाही, आणि रिपीटरच्या तोंडावर सील मारून त्यावर सही केली.

तेव्हा बाळा, तुमच्या हाती आलंय ते कदाचित कुणाच्या तरी नजरेतून सुटलेलं काम असेल. या तीन गोष्टी पडताळून पाहा. २४० स्वतःला मूळ केंद्राशी जोडलेली म्हणवते का? ती रात्रीही चालू राहिली का? आणि तिच्यावर नोंदणी करणारे सेट कोणते? टेबलावरचे सेट लागोपाठच्या क्रमांकांचे असतात, तेच चार-सहा, दिवसभर आत-बाहेर करणारे. पोलिसांच्या किंवा ॲम्ब्युलन्सच्या ओळखीच्या मालिकेतला एखादा एकटा क्रमांक तिथे नोंदला गेलेला आणि बोलायची विनंती करताना दिसला, तर त्याच दिवशी राज्याच्या जाळ्याच्या कार्यालयाला कळवा. परवान्यात संपर्काचा पत्ता असतो. पत्र लहान लिहा : तारीख, यूटीसी वेळ, वारंवारिता, सिस्टिम आयडी, साइट, एनएसी, शेजाऱ्यांची यादी, जोडणीचा बिट, साधारण परिसर. सोबत कच्च्या संदेशांची फाइल. गुप्त केंद्र वगैरे एक शब्दही नको. मी त्या बाजूच्या टेबलावर बसलेलो आहे. असं पत्र आलं की माणूस खुर्चीतून उठतो.

आता तुमच्या तिसऱ्या मित्राचा सेट. त्याला आजच सांग, बॅटरी काढून ठेव. हौशी माणसांना वाटतं की बटण दाबलं नाही म्हणजे आपण प्रक्षेपण केलं नाही. ट्रंकिंगच्या, म्हणजे कंट्रोल चॅनलच्या सांगण्यावरून चालणाऱ्या, सेटला हे लागू नाही. तो चालू झाला, कंट्रोल चॅनल सापडला, की स्वतःहून नोंदणीची विनंती पाठवतो. म्हणजे नुसता चालू केलेला सेटही बोलतो. परवान्याशिवाय सुरक्षा जाळ्यावर केलेलं ते प्रक्षेपण आहे आणि तो गुन्हा आहे. त्यातून दुसऱ्याचा क्रमांक घातला असेल, तर कुणा अग्निशामकाचा सेट जाळ्यातून बाहेर फेकला जाऊ शकतो. याबाबत मी तडजोड करणार नाही. तो सेट चालू होणार असेल तर या शोधात माझी मदत धरू नका.

ऐकण्याचं वेगळं. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं सर्वांना सहज ऐकू येणारं, सांकेतिक न केलेलं सुरक्षा प्रसारण ऐकायला मुभा आहे; ऐकलेल्याचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर करायला नाही. सांकेतिक केलेलं सोडून द्यायचं. एईएस-२५६ ही सांकेतिक पद्धत फोडायच्या गप्पा गटात कुणी मारत असेल तर त्याला थांबवा. गाडीत स्कॅनर ठेवण्यावर फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा, न्यूयॉर्क अशा राज्यांत निर्बंध आहेत, तेव्हा फिरायला निघण्याआधी नियम वाचा. दिशा शोधायची असेल तर रस्त्यावरूनच शोधा. हातातला रिसीव्हर छातीशी धरून स्वतःभोवती फिरलास, तर ज्या बाजूला पाठ असताना आवाज पडतो तिकडे प्रक्षेपक असतो. एवढ्यावरही बरंच भागतं. गोदामाचं फाटक, तिथल्या गाड्या, काम करणाऱ्यांचे चेहरे, यांतलं काही टिपू नका आणि कुठे टाकू नका.

आणि हे वाचणाऱ्या बडोद्याच्या, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या पोरांनो, हा प्रयोग इथे करायचा नाही. आपल्याकडे पोलिसांचं बोलणं ऐकायला मुभा नाही. १९३३ पासून आपल्याकडे वायरलेसचं यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागायचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. ज्याला हातानं शिकायचंय त्यानं हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये शिकण्यासारखं इतकं आहे की एक आयुष्य पुरत नाही. अंतराळ स्थानक १४५.८०० वर चित्रं पाठवतं तेव्हा गच्चीवर घरच्या घरी केलेल्या अँटेनानं ती घेता येतात. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, फोन मुके झाले, तेव्हा हौशी रेडिओवाले तिथे निरोप पोचवत होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मी गच्चीवर बॅटरीवर सेट लावून बसलो होतो आणि मला ती ॲम्ब्युलन्स आठवत होती. पूर आल्यावर रेडिओ तपासायला वेळ नसतो. ते कोरड्या दिवसांत, गोदामात, कुणी ऐकत नसताना करायचं काम आहे, आणि म्हणून तुमच्या त्या २४० मधल्या माणसांविषयी माझ्या मनात आपुलकीच आहे. फक्त त्यांनी ती अँटेना उतरवायला हवी.

आजपासून डोंगल लावून ठेव. घड्याळ यूटीसीला, कच्चे संदेश रोजच्या वेगळ्या फाइलीत, आणि शेजारी-यादीत अक्षरभर जरी बदल झाला तरी त्याची वेळ. पहिल्या आठवड्याची नोंद रविवारी पाठव. मी जोडणीचा बिट आणि रात्रीच्या वेळा आधी बघेन. त्या बिटात काही गडबड दिसली तर रविवारची वाट बघू नकोस, मला लगेच फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी चालेल.